हिंसक चित्रपट आणि ‘बेंगळुरूचे सैल बोर्ड’

सीमाभागातील व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतो आहे. बेंगळुरूचे सेन्सॉर बोर्ड सैल असल्यामुळे रक्तपाती चित्रपट बेळगाव-निपाणीच्या मुलांपुढे येतात, आपण महाराष्ट्रात असतो तर ते कापले गेले असते आणि ही हिंसा मुळात दक्षिणेचीच, असे त्याचे सार आहे. पालकांची काळजी खरी आहे, पण तिने दोषी चुकीचा निवडला आहे.

कर्नाटकाचे वेगळे सेन्सॉर बोर्ड नाहीच. चित्रपटांना प्रदर्शनाची मंजुरी देणे हा संविधानाच्या संघसूचीतील विषय असून 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखालील केंद्रीय मंडळ ते काम करते. बेंगळुरूत आहे ते त्याच्या नऊ प्रादेशिक कार्यालयांपैकी एक, जसे मुंबईत दुसरे. दोन्हीकडे केंद्राची 1991 ची तीच मार्गदर्शक तत्त्वे लागू आहेत आणि तेथे मिळालेले प्रमाणपत्र निपाणीत जितके चालते तितकेच हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलमध्येही चालते. दोन कार्यालयांत चित्रपट तपासणाऱ्या समित्यांची मते कधी वेगळी पडतात, हे मान्य. परंतु त्या फरकाचा राज्याच्या हद्दीशी संबंध नाही.

दक्षिणेच्या मुद्द्यावर फार वेळ घालवायला नको. ‘शोले’चा मूळ हिंसक शेवट 1975 मध्ये सेन्सॉरमुळे बदलावा लागला होता, आणि 2023 चा ‘अ‍ॅनिमल’ हा हिंदी चित्रपट ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) प्रमाणपत्र असूनही त्या वर्षी सर्वाधिक कमाई करणाऱ्यांत होता. त्याचा दिग्दर्शक तेलुगू भाषक आहे, असे कोणी म्हणेल. पण उत्तरेत तिकिटे काढणाऱ्यांना काही त्याने हैदराबादहून पाठवले नव्हते.

मुले हे चित्रपट पाहतात कशी, हा प्रश्न मात्र गंभीर आहे. 1983 पासून चार दशके ‘यूए’ ही एकच मोठी पेटी होती: बारा वर्षांखालील मुलांसाठी पालकांचे मार्गदर्शन हवे, एवढीच तिची अट, आणि ‘केजीएफ’ या हिंसक कन्नड चित्रपटाचा 2022 मधील दुसरा भागही तिच्यातच बसला. 2023 च्या दुरुस्तीने तिचे 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन टप्पे केले. तथापि ही शिफारस पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहे, पालकांखेरीज कोणालाही ती सक्तीने लागू करता येत नाही, असे कायदाच सांगतो, म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाला 16+ चित्रपटाला सोडले म्हणून थिएटरवाल्याला जाब विचारता येत नाही. ‘ए’चे तसे नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला असा चित्रपट दाखवायला कायद्याची मनाई आहे आणि दारावर वय न तपासता आत सोडणाऱ्या थिएटरचा परवाना 1964 च्या कर्नाटक सिनेमा नियमन कायद्याखाली येतो. येथेच राज्य सरकारचा खरा संबंध येतो, आणि त्या मजकुरात नेमका त्याचाच उल्लेख नाही. ‘ए’ चित्रपटाच्या खेळाला शाळकरी मुले दिसली, तर तक्रार बेंगळुरूच्या कार्यालयाकडे पाठवून उपयोग नाही. ती तिकीट, तारीख आणि खेळाच्या वेळेसह बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावी.