आय-७५१ भरलाय ना? मग तुम्ही बेकायदा नाही

अमेरिकेतल्या आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: लग्नावर मिळालेलं दोन वर्षांचं ग्रीन कार्ड संपलं की ते पक्कं करण्याच्या अर्जाचा (आय-७५१) निकाल येईपर्यंत तुम्ही बेकायदा. नोकरी थांबवा, भारतात जाऊ नका, घटस्फोट झाला तर सामान बांधा. माझ्या मामेबहिणीने तो खरा मानला. मामी सांगलीला दवाखान्यात होती आणि ही इथे रडत बसली.

आधी ते ‘बेकायदा’. कार्ड संपण्याआधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ भरला की रिसीट नोटीस, म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच, येते. कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढल्याचं तिच्यावर छापलेलं असतं. २५ जानेवारी २०२३ पासून ४८. त्याआधी २४ होते, त्याच्याही आधी १८. निकालाची वाट बघताना तुम्ही कायम रहिवासीच असता. मेसेजमधली भीती एकाच बाबतीत खरी आहे: अर्ज भरलाच नाही, तर दर्जा आपोआप जातो. तेवढी तारीख चुकवू नका.

नोकरीचं म्हणाल तर संपलेलं कार्ड आणि ही नोटीस पुरते, वेगळं वर्क परमिट लागत नाही.

‘भारतात जाऊ नका’ हे कुठून आलं असेल, याचा अंदाज येतो. आय-४८५, म्हणजे मुळात ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज, प्रलंबित असताना ॲडव्हान्स परोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता बाहेर गेलं तर बहुतेकांचा अर्ज सोडून दिलेला धरतात. पण तो नियम ग्रीन कार्ड मिळण्याआधीचा. आय-७५१ वाल्यांच्या हातात ते आधीच आलेलं असतं. परतताना मुंबईच्या काउंटरवर कार्ड उलटसुलट करतील, तारखेवर बोट ठेवतील. तेव्हा नोटीसचा मूळ कागद पुढे करा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. बहिणीचा कागद शेवटी टॅक्सच्या फायलीत सापडला. वर्षभर किंवा जास्त राहायचं असेल तर मात्र निघण्याआधी रीएन्ट्री परमिटचा, म्हणजे लांबच्या मुक्कामानंतर परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज करा.

आता घटस्फोट. या मुद्द्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ‘मी सही केली नाही तर तुला परत पाठवतील’ ही धमकी याच अज्ञानावर चालते. लग्न खऱ्या मनाने केलं होतं आणि ते मोडलं, तर एकटीने वेव्हर, म्हणजे नवऱ्याच्या सहीच्या अटीतून सूट, मागून आय-७५१ भरता येतो. मारहाण, छळ होत असेल तर त्यासाठी घटस्फोटाचीही वाट पाहावी लागत नाही. दोघांनी मिळून अर्ज भरल्यावर घटस्फोट झाला, तर घटस्फोटाचं निकालपत्र पाठवून तोच अर्ज वेव्हरमध्ये बदलून मागता येतो. आणि अर्ज नामंजूर झालाच, तरी इमिग्रेशन न्यायाधीशापुढे बाजू मांडता येते.

अशा धमकीच्या, छळाच्या घरात असाल तर पुरावा म्हणून दोघांच्या नावचा घरभाड्याचा करार, बँकेची स्टेटमेंटं, लग्नाचे फोटो, डॉक्टरचे किंवा पोलिसांचे कागद यांच्या प्रती आजच काढा आणि मैत्रिणीच्या घरी ठेवा.