उदारमतवाद बुडवण्याचे घरगुती उपाय

अमेरिकेत राहता, स्वतःला लिबरल म्हणवता आणि आपला डेमोक्रॅटिक पक्ष अजून पुरता बुडालेला नाही याची खंत वाटते? हे उपाय करून बघा. गुण हमखास येतो.

जुने राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट, त्यांचं नाव सतत घ्यावं. 1935 मध्ये त्यांनी म्हाताऱ्यांना पेन्शन आणि कामगारांना युनियनचा हक्क दिला, हे डोळे भरून सांगावं. युनियनच्या माणसाला मात्र घरी चहाला बोलावू नये.

ट्रम्पच्या निम्म्या समर्थकांना 'तिरस्करणीय' म्हणावं. 2016 च्या निवडणुकीत हिलरी क्लिंटनबाईंनी म्हटलंच होतं. वर प्रचाराला विस्कॉन्सिन राज्याकडे फिरकू नये.

कोविडमध्ये मुलं घरी बसलेली असताना शाळांची नावं बदलायला घ्यावीत. सॅन फ्रान्सिस्कोने 2021 मध्ये 44 शाळांचा ठराव केला. यादीत खुद्द लिंकन!

आता रामबाण. अंगणात 'इथे सर्वांचं स्वागत आहे' अशी रंगीत पाटी लावावी आणि टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डाच्या सुनावणीला जावं. विषय, स्टेशनजवळची परवडणारी घरं. 'माझा पाठिंबाच आहे, पण...' असं म्हणून माइक धरावा. या 'पण'नंतर ट्रॅफिक, पार्किंग, शाळेवरचा ताण, तुंबणारं पाणी, सावली, झाडांवरच्या खारी... होय, खारी! परवा न्यू जर्सीतल्या आमच्या गावात रात्री अकरापर्यंत हेच ऐकत बसलो. गावांनी गरिबांच्या घरांना वाट करून द्यावी, असं याच राज्याच्या सुप्रीम कोर्टाने माउंट लॉरेल खटल्यात 1975 मध्ये बजावलंय. 1975! आणि रांगेत आपली भारतीय मंडळीही होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने 1965 मध्ये स्थलांतरितांचा देशवार कोटा मोडला म्हणून इथे पाय ठेवता आला, आणि आता म्हणे 'गावाचं वळण बिघडेल'.

कसले उपाय आणि कसलं काय! अहो, 1964 च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत 44 राज्यं जिंकलेला पक्ष हा. 1984 मध्ये त्याच्याकडे एकटं मिनेसोटा उरलं. वेस्ट व्हर्जिनियातले खाणकामगार 1996 मध्येही बिल क्लिंटनला मत देत होते. त्याच क्लिंटनने 1999 मध्ये रूझवेल्टच्या काळचा बँकांवरचा लगाम काढला. आणि तुम्ही म्हणता लोक बिघडले? मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, देताना म्हाताऱ्याचे विचार तपासले नव्हते कुणी. दवाखान्याचं बिल भरलं, म्हणून मतं मिळाली. घरभाड्यात अर्धा पगार घालवणाऱ्या नर्सला तुमची पाटी काय कामाची? तिला घर हवंय. बांधू द्या ती इमारत. गाडी लांब लागली तर चार पावलं चाला.

पुढच्या मंगळवारी दुसरी सुनावणी आहे. कृपा करून घरी बसा.