पडक्या वाड्यात शिरण्याआधी वर बघा

सध्या सोलापूर परिसरातल्या ओसाड वाड्यांची, गढ्यांची आणि बंद गिरण्यांची रील्स धडाधड पडतायत. रात्रीची वेळ, मोबाईलचा टॉर्च, मागे कुत्र्याचं रडणं आणि वर नाव ‘झपाटलेला वाडा’. भुताबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच की या व्हिडिओंत कॅमेरा एकदाही छताकडे वळत नाही, आणि आपल्याकडच्या पडक्या वास्तूत खरा धोका डोक्यावरच असतो.

जिल्ह्यातले जुने वाडे बहुतेक माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे. खांबावर तुळई, तुळईवर कड्या (आडवी लाकडं), कड्यांवर किलचण (लाकडाच्या बारीक फळ्या-काटक्या), त्यावर पाला आणि चिखल, आणि सगळ्यात वर पांढरी माती. राहतं घर असलं की दरवर्षी पावसाआधी वर चढून गवत उपटायचं, उंदरांची बिळं बुजवायची, पनाळी मोकळ्या करायच्या आणि नवी पांढरी माती पसरायची. घराला कुलूप लागलं की हे सगळं थांबतं. पनाळ तुंबते, पाणी वर साचतं, साण्यातून (छतातल्या उजेडाच्या भोकातून) आत गळतं आणि माती भिजत जाते. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट जाड माती धरा. कोरडी असताना ती साधारण सव्वाचार टन भरते, भिजली की पाच टनांच्या पुढे. आणि हे सगळं ओझं वाळवीनं पोखरलेल्या लाकडावर.

म्हणून उंबऱ्यातच थांबा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. तुळई भिंतीत शिरते तिथला वीतभर भाग आधी बघायचा. भिंतीतली ओल तिथे लाकडाला सतत लागत असते, त्यामुळे कुजायला सुरुवात तिथूनच होते. मधली तुळई काळीभोर आणि भक्कम दिसली म्हणून हुरळून जाऊ नका. हात पोचत असेल तर काठीनं हलकेच ठोकून बघा. शाबूत सागवान टणक वाजतं, पोखरलेलं भद्द. मग जमिनीवर पडलेली माती बघा. तिच्यावर धूळ, लेंड्या, जाळी असतील तर ती जुनी. माती स्वच्छ, मोकळी आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाची दिसली तर छत आत्ता हलतंय. तिथून मागे फिरायचं, फोटो उंबऱ्यातून काढायचा. माळवदावर चढायचं तर अजिबातच नाही, कितीही चांगला अँगल मिळत असला तरी.

भिंतीचंही तेच. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत बघून भरवसा वाटतो, पण बऱ्याचदा ती एक भिंत नसते. बाहेर एक थर, आत एक थर आणि मधे गोटे-माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसले की पाणी मधे मुरतं आणि एक थर सुटून पोट काढतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच भिंती आणि वरची जड माळवदं लोकांच्या अंगावर आली. कोपऱ्यात उभं राहून भिंतीवरून नजर सरळ लांबवली की फुगवटा कळतो. भेगेच्या कडा धारदार आणि आतून उजळ असतील तर भेग ताजी, आत कोळ्याची जाळी असेल तर जुनी. भिंतीत पिंपळ वाढलेला असेल तर त्याला हात लावू नका. भिंत त्यानंच फोडलेली असते, पण कधीकधी आता तिला धरूनही तोच असतो.

अंगणातही जपून. ही ज्वारीची भूमी, त्यामुळे जुन्या वाड्यांत आणि गावठाणात धान्याची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं असतात. तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, पोट मोठं आणि तोंडावर फरशी टाकून माती सारलेली. अंगणात गोल खोलगट भाग दिसला किंवा काठी आपटल्यावर पोकळ वाजलं तर त्यावर पाय नको. आत उतरणं तर आत्महत्याच. कुजलेल्या धान्यामुळे प्राणवायू संपलेला असतो आणि माणूस काही क्षणांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा माणूस दोर न बांधता उतरतो आणि दोघंही जातात. बंद भुयारं आणि वर्षानुवर्षं न उपसलेल्या विहिरींनाही हेच लागू. दिवा विझतो का बघण्याच्या जुन्या युक्तीवर जीव टांगू नका.

गिरण्यांचा मामला वेगळा. शहरातली पहिली कापड गिरणी १८७७ सालची. मग एकेक वाढत गेल्या, आणि गेल्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक बंद पडल्या. विणकाम खात्यावरचं करवती छप्पर बघण्यासारखं असतं. त्याच्या काचा उत्तरेला, म्हणजे उजेड दिवसभर सारखा आणि मागावर थेट ऊन नाही. पण पुढे बसवलेले सिमेंटचे पत्रे उन्हापावसानं ठिसूळ झालेले असतात. ते वजन पेलत नाहीत, आणि बऱ्याच जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं, म्हणून फुटलेल्या तुकड्यांत हात घालू नका. तोंडाला रुमाल चालत नाही, आणि ॲस्बेस्टॉससाठी एन-९५ मास्कही पुरत नाही. वटवाघळांच्या विष्ठेच्या धुळीसाठी मात्र निदान एन-९५ तरी लावा. लोखंडी गर्डरमधे विटांच्या छोट्या कमानी असलेलं छत दिसलं तर गर्डरचा खालचा पत्रा बघा. गंजलेलं लोखंड फुगतं आणि विटा सैल करतं. भंगारवाल्यांनी एखादा गर्डर किंवा ताण धरणारी सळई कापून नेली असेल तर शेजारच्या कमानीही भरवशाच्या उरत नाहीत. गवताखाली यंत्रांचे खड्डे आणि बॉयलरपासून चिमणीपर्यंत गेलेले धुराचे बोगदे असतात. गिरणीच्या चिमणीच्या बुंध्याशी उभं राहू नका. वरच्या काठाच्या विटा आधी सुटतात.

जायचं कधी? आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा, आणि माळवदं पावसातच नव्हे तर नंतर ऊन पडल्यावरही बसतात. त्यामुळे डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते अकरा. तिघं जा, एकानं बाहेर थांबायचं. दोन टॉर्च, घोट्यापर्यंतचे जाड तळाचे बूट, हेल्मेट, पाच फुटी काठी. गंजका खिळा घुसला तर धनुर्वाताचं इंजेक्शन. आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा बंद. घोणस किंवा फुरसं चावलं तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, अंगठ्या काढायच्या, माणूस हलू द्यायचा नाही आणि १०८ ला फोन.

परवानगीशिवाय जाण्यात काही मर्दुमकी नाही. मालक शोधणं अवघडही नाही: गावठाणात ग्रामपंचायतीचा नमुना ८, शहरात मिळकत पत्रिका, रानात सातबारा. परवानगी नसेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९ आहे, घरात घुसल्यास एक वर्षापर्यंत कैद. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज १८९७ ची. तिचे रूळ गेले तरी रेल्वेची हद्द रेल्वेचीच, तिथे विनापरवाना शिरल्यास रेल्वे कायद्याचं कलम १४७. सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्राच्या संरक्षणात आहे, तिथल्या दगडावर बदाम कोरणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि रीलमधे नेमका पत्ता टाकू नका. मागोमाग भंगारवाले येतात आणि गुप्तधनवाले. भिंतीच्या पायाशी ताजा खड्डा, हळद-कुंकू, लिंबं दिसली तर भुताला घाबरू नका, भिंतीला घाबरा. पायाच उकरलाय. लांब व्हा आणि ११२ लावा. खरोखर काही सापडलंच तरी ते खिशात घालता येत नाही. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं निधान (जमिनीत पुरलेलं धन) कलेक्टरला कळवावं लागतं.

त्यापेक्षा टेप घेऊन जा. खोल्यांची मापं, तुळईची लांबी-जाडी, खांबांची संख्या लिहा, प्रत्येक भिंतीचा समोरून एक फोटो काढा, बाजूला काठी उभी ठेवून, म्हणजे उंची कळते. तारीख टाका आणि एक प्रत मालकाला द्या. पाच भावांच्या वाटणीत अडकलेल्या वाड्याचा तेवढाच धड कागद असतो.