प्रतिक्रियेला उत्तर: नाकाची मोजमापं आणि जातीचं शास्त्र

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिल्याबद्दल मनापासून आभार. वंश आणि साम्राज्य वगळून शिकवलेलं समाजशास्त्र अपुरं आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप असे: शास्त्राला देश नसतो; मार्क्स-वेबर हे युरोपीय विचारवंत बाजूला सारले तर हाती उरतं काय; आणि ‘निर्वसाहतीकरण’ (ज्ञानावरचा वसाहतवादी पगडा दूर करणं) म्हणजे जातीचं खापर इंग्रजांच्या माथी फोडण्याची सोय. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण ती सोय करून घेणारे लोक आहेत आणि त्यांचा आवाजही मोठा आहे. म्हणून आधी त्याबद्दल.

हर्बर्ट रिस्ली हा बंगालमधला इंग्रज सनदी अधिकारी. त्याने जातीजातींतल्या माणसांची डोकी आणि नाकं मोजून घेतली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, असा त्याचा निर्देशांक होता. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, हा निष्कर्ष. पुढे हाच माणूस १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला. त्या जनगणनेत जातींची सामाजिक दर्जानुसार प्रतवारी लावायचं ठरलं आणि आपली जात वरच्या पायरीवर नोंदवा, असे अर्ज सरकारदरबारी येऊ लागले. शास्त्राला देश नसेलही, पण इथे शास्त्रज्ञाच्या हाती सरकार होतं.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात, २५ वर्षांच्या आंबेडकरांनी जातीवर निबंध वाचला. जातीचे अभ्यासक सेनार, नेसफिल्ड, रिस्ली आणि आपले ज्ञानकोशकार केतकर, अशा चौघांच्याही जातीच्या व्याख्या त्यांनी तपासल्या. युरोपीय अभ्यासकांच्या अंगातच वर्णद्वेष मुरलेला असल्याने त्यांना जातीच्या मुळाशीही रंगच दिसला, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. पण म्हणून जात ही इंग्रजांची करणी ठरवली का? मुळीच नाही. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावल्यामुळे. त्यासाठी जातीतल्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहावी लागते. मग नवरा मेलेल्या बाईचं काय करायचं, बायको मेलेल्या पुरुषाला कोणती मुलगी द्यायची, हा प्रश्न उभा राहतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह ही त्यावर काढलेली उत्तरं, हे त्यांनी पायरीपायरीने दाखवलं. दोष घरातलाच, आणि तो नाव घेऊन सांगितला. शिवाय या प्रथा इतर जातींत कशा पसरल्या हे समजावताना गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा अनुकरणाचा सिद्धान्त त्यांनी बिनदिक्कत वापरला. मला अभिप्रेत असलेलं निर्वसाहतीकरण ते हे.

केवळ ‘आपला’ म्हणून कुणाला सूट द्यावी, असंही माझं म्हणणं नाही. मालवणचे घुर्ये केंब्रिजला शिकले, मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी घडवला. १९३२ च्या ग्रंथात त्यांनी मोजमापांचे आकडे पुन्हा तपासले आणि रिस्लीचा नियम संयुक्त प्रांतापलीकडे (साधारण आजचा उत्तर प्रदेश) लागू पडत नाही, हे मांडलं. अस्पृश्यांचा वंश वेगळा नाही हे सिद्ध करताना १९४८ साली आंबेडकरांनी घुर्यांच्या याच कामाचा आधार घेतला. पण आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हणणारेही हेच घुर्ये. त्या मांडणीची चिकित्सा रिस्लीइतकीच कठोर व्हायला हवी.

आता तुमचा दुसरा आक्षेप, वेबरबद्दलचा. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन अभ्यासकाने १८९६-९७ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून चौकशी केली. तिथल्या काळ्या लोकांच्या गरिबीचं कारण रक्तात नाही, गुलामगिरीच्या इतिहासात, बंद असलेल्या नोकऱ्यांत आणि अवाच्या सवा घरभाड्यांत आहे, हे १८९९ च्या ग्रंथात त्याने आकड्यांनिशी दाखवलं. ज्या विद्यापीठाने हे काम करून घेतलं, त्याने त्याला शिकवायला मात्र घेतलं नाही. वेबर १९०४ मध्ये अमेरिकेला गेला तेव्हा ड्यू बॉइसला भेटला आणि १९०६ मध्ये त्याचा लेख आपल्या नियतकालिकात छापला. खुद्द वेबरने ज्याला समाजशास्त्रज्ञ मानलं, त्याचं नाव वेबर शिकवणाऱ्या पाठ्यपुस्तकांत कित्येक दशकं नव्हतं. याचा राग यायला नको का?

तेव्हा वेबरला काढा, असं मी म्हटलेलं नाही. मागणी एवढीच आहे की आंबेडकरांचा १९१६ चा निबंध आणि ड्यू बॉइसचा फिलाडेल्फियावरचा ग्रंथ हे वेबरच्याच शेजारी, सिद्धान्ताच्या अनिवार्य पेपरात शिकवा. ऐच्छिक विषयात ढकलू नका. यावर तुमचा आक्षेप असेल तर जरूर लिहा.