अभिनंदन, आपला फ्लॅट हायवे-टच आहे

ताबा मिळाला, वास्तुशांत झाली, पाहुणे गेले. आता रात्रीचे दोन वाजलेत आणि पुण्याच्या कात्रज-देहूरोड बायपासवरून सोळा चाकांचा ट्रेलर थेट आपल्या उशीवरून जातोय. घाबरू नका. ‘हायवे-टच’ असं ब्रोशरमध्ये स्वच्छ छापलेलं होतं आणि त्याचे चौरस फुटामागे पैसेही आपण आनंदाने मोजलेत. वस्तू वेळेवर पोहोचली आहे, इतकंच.

फ्लॅट बघायला रविवारी सकाळी ११ वाजता गेलात, हे उत्तम केलंत. मंगळवारी मध्यरात्री जाऊन गॅलरीत अर्धा तास उभं राहणं हे काही भल्या माणसाचं लक्षण नव्हे. मजलाही वरचा घेतलात, शाब्बास. पहिल्या मजल्याला कंपाउंडच्या भिंतीचा थोडा तरी आडोसा मिळतो. बाराव्यावरून दोन किलोमीटरचा रस्ता नजरेत येतो, आणि जेवढा दिसतो तेवढा सगळा ऐकूही येतो. मागची बिल्डिंग घ्यायला हवी होती म्हणून हळहळू नका. वाहता रस्ता ही आवाजाची रेघ असते, ठिपका नव्हे. अंतर ३० मीटरचं ६० केलं तरी जेमतेम ३ डेसिबल उतरतात. हां, मधे दुसरी इमारत आडवी येत असती तर गोष्ट वेगळी. पण मग ‘व्ह्यू’ गेला असता.

आता उपाय. सुरुवात पडद्यांपासून करावी, कारण सगळे तिथूनच करतात. जाड, अस्तर लावलेले, जमिनीला टेकणारे पडदे घ्या. खोलीतला घुमारा कमी होईल, फोनवर तुमचा आवाज छान येईल, आणि डंपरच्या इंजिनाची घरघर पडद्यातून पूर्वीइतक्याच सुखाने आत येईल. खालच्या पट्टीतला आवाज अडवायला वजन लागतं. कापडाला ते कुठून येणार? भिंतीवर अंड्यांचे ट्रे किंवा काळा फोम चिकटवला तरी निकाल हाच, फक्त धूळ जास्त. गॅलरीत मनी प्लांट जरूर लावा. झाडांनी आवाजात मोजण्याजोगा फरक पडायला दहा-वीस मीटर जाडीचा, जमिनीपासून दाट असा पट्टा लागतो. आपल्याकडे सहा कुंड्या आहेत. सुरुवात तर झाली.

मग खिडक्या बनवणारा फॅब्रिकेटर बोलवा. तो ‘डबल ग्लास’ सुचवेल: ५ मिमीच्या दोन सारख्या काचा, मधे ६ ते १२ मिमी हवा. लगेच हो म्हणा. दोन्ही काचा एकाच जाडीच्या असल्या की दोघी एकाच सुरात कच खातात, आणि मधली चिंचोळी हवा स्प्रिंगसारखी वागून ट्रकच्याच पट्टीत थरथरते. उष्णतेला हा प्रकार चांगला. ट्रेलरला तो विशेष अडवत नाही. वर हे सगळं जुन्याच स्लायडिंगच्या चौकटीत बसवून घ्या, म्हणजे खर्चाचं चीज होईल.

ते कसं, याचा हिशोब एकदा कागदावर मांडू. खिडकी ५ बाय ४ फुटांची, म्हणजे साधारण १८,६०० चौरस सेंटिमीटर. स्लायडिंगचं शटर सरकायला हवं म्हणून कडेने फट ठेवावीच लागते आणि तिथे ब्रशची केसाळ पट्टी लावतात. पट्टी दोन पावसाळ्यांत झिजते. चारी बाजूंनी ३ मिमी फट धरली तर ती १६५ चौरस सेंटिमीटर होते, खिडकीच्या जवळपास १ टक्का. आणि १ टक्का उघडी असलेली खिडकी, तिला काच दीड इंची लावा नाहीतर पोलादी पत्रा, २० डेसिबलच्या आसपास अडवून थांबते. बाहेर ७५, तर आत ५५. आवाज पाण्यासारखा आहे, त्याला भोक पुरतं. एसीच्या पाइपचं भोक आणि एक्झॉस्ट फॅनचा झरोका तर आपण स्वतःच पैसे देऊन पाडून घेतलेत.

ज्यांना झोपेचं उगाच वेड आहे, असे काही हट्टी लोक भलतंच करतात. ते जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूने दुसरी लावतात: दारासारखी उघडणारी, चारी कडांना रबर गास्केट, दोन-तीन ठिकाणी पकडणारं लॉक. दोन खिडक्यांत निदान १०० मिमी अंतर ठेवतात आणि आत लॅमिनेटेड काच घालतात, म्हणजे ५ अधिक ५ आणि मधे ०.७६ मिमीचा चिकट थर. ही काच चौरस मीटरला सुमारे २५ किलो भरते, म्हणून बिजागऱ्या आणि चौकट त्या वजनाची घ्यावी लागते. नाहीतर शटर सहा महिन्यांत लोंबतं आणि वरच्या कोपऱ्यात पुन्हा फट. बसवून झाल्यावर कडेत कागद धरून लॉक लावतात. कागद सुळकन निघाला तर मिस्त्रीला पैसे द्यायचे थांबतात. किती हा संशयी स्वभाव!

आपण फटी बुजवायला सिलिकॉन घ्या, घरच्या घरी होतं. चौकटीवरची धूळ पुसू नका, म्हणजे महिन्याभरात सिलिकॉनची अख्खी पट्टी एका ओढीत निघून येईल. व्हिनेगरचा वास येणारं स्वस्त सिलिकॉनच आणा. सिमेंटवर ते नीट धरत नाही आणि संगमरवरी पट्टीवर डाग पाडतं. शेजारचं ‘न्यूट्रल’ लिहिलेलं कार्ट्रिज दुकानदाराकडेच राहू द्या. आणि सिलिकॉनची गन हातात आहे तोवर खालच्या ट्रॅकमधली बारीक भोकंही बुजवून टाका. ती पाणी बाहेर जाण्यासाठी असतात, हे जुलैत ट्रॅक भरून पाणी गादीपर्यंत आलं की समजेलच. एसीच्या भोकात मात्र पिवळा फोम भरा. फुगतो छान, दिसतो भरगच्च, वजन कापसाइतकं.

इथे थट्टा क्षणभर बाजूला. बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर तिथली झडप किंवा खिडकी आवाजासाठी कधीही बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

इअरप्लग? दोन बोटांत गोल वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान मागे-वर ओढायचा, आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. हे फार कष्टाचं. नुसता कानाच्या तोंडाशी खोचा आणि ‘काही उपयोग नाही’ म्हणून फेकून द्या.

राहता राहिला कायदा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती वाचून हुरळू नका; पातळीबद्दल तक्रार करायला मर्यादेपेक्षा निदान १० डेसिबल जास्त लागतात. म्हणजे रात्री ५४ वर तुम्ही कुरकुरे, ५५ वर नागरिक. निवासी भागात रात्री हॉर्नला बंदी आहे आणि सुरावटीच्या हॉर्नला मोटार वाहन नियमांत केव्हाचीच, पण ट्रेलरवाल्याने हे वाचलंय का, हे रात्री दोन वाजता विचारणार कोण? मुंबई पोलिसांनी २०२० मध्ये काही सिग्नलना डेसिबल मीटर जोडले होते. हॉर्नचा गोंगाट ८५ च्या वर गेला की लाल दिवा पुन्हा पहिल्यापासून. आपल्या बायपासला सिग्नलच नाही, म्हणून तोही प्रश्न मिटला.

धीर धरा. हॉर्नमधून बासरी, तबला, हार्मोनियम असे भारतीय वाद्यांचेच आवाज यावेत, असा कायदा करण्याचा विचार नितीन गडकरींनी २०२१ मध्ये नाशिकला बोलून दाखवला होता. तो दिवस उजाडला की पहाटे चारचा कंटेनर नवले पुलाच्या उतारावर भैरवी घेईल. तेवढ्यासाठी आतल्या खिडकीचं लॉक सैल करून ठेवा.