पदकांइतकेच प्रशिक्षकपदही महत्त्वाचे

अमेरिकेचे वॉटर पोलो (पाण्यात खेळला जाणारा चेंडूचा सांघिक खेळ) खेळाडू आणि प्रशिक्षक टेरी श्रोडर यांच्यावरील लेखात १९८४ आणि १९८८ च्या ऑलिंपिक रौप्यपदकांनाच अधिक जागा मिळाली, हे थोडे खटकले. कॅलिफोर्नियातील मालिबूच्या ज्या पेपरडाइन विद्यापीठाकडून ते स्वतः खेळले, त्याच्याच संघाला त्यांनी प्रशिक्षक म्हणून १९९७ मध्ये एनसीएए (अमेरिकी विद्यापीठांची क्रीडासंघटना) विजेतेपद मिळवून दिले, आणि तेही वॉटर पोलोवर स्टॅनफर्ड, बर्कली, यूसीएलए अशा बड्या विद्यापीठांची जवळजवळ मक्तेदारी असताना. ही कामगिरी मला पदकांहून मोठी वाटते. (लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियमबाहेरील शिरविरहित पुरुषपुतळा त्यांच्याच देहावरून घडवला आहे, हा उल्लेखही हवा होता.) २००८ मध्ये बीजिंगला त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकी पुरुष संघ अंतिम सामन्यात हंगेरीकडून हरला खरा, परंतु २० वर्षांनी पदक घेऊन परतला.