‘80 गुणिले 24’वाल्या वाचकाला उत्तर

नमस्कार. मिनी फ्रिजच्या वीजखर्चावरच्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. 90 लिटरचा, एका दाराचा, कंप्रेसरवाला फ्रिज महिन्याला साधारण 15 ते 20 युनिट घेतो, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की मागच्या पाटीवर 80 वॉट छापलेत, 80 गुणिले 24 गुणिले 30 म्हणजे 57.6 युनिट (हजार वॉट तासभर म्हणजे एक युनिट), आणि “हे चौथीतल्या पोरालाही कळतं, लेखकाला दुकानदाराने पाकीट दिलंय का?” शिवाय मी स्टॅबिलायझर लपवला, आणि त्यापेक्षा मोठा फ्रिज परवडतो.

पाकिटाचं आधी बोलू. “हा आकडा कसा काढलात?” एवढं विचारलं असतं तरी उत्तर मिळालं असतं. नाव न लिहिता दुसऱ्याच्या सचोटीवर बोट ठेवायला काही लागत नाही. क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचं यंत्र) आणि गॅसचा सिलिंडर घेऊन लोकांच्या घरी कंप्रेसर बदलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. तेव्हा चौथीचं गणित मला शिकवू नका.

स्टॅबिलायझरचं मान्य. फ्रिज बंद असला तरी तो तीन ते पाच वॉट खातो, म्हणजे महिन्याला दोन ते साडेतीन युनिट. लेखात एक ओळ टाकतो.

आता तुमचं ते गुणाकाराचं वाक्य. पाटीवरचे 80 वॉट कंप्रेसर चालू असतानाचे आहेत. थंडावा पुरेसा झाला की थर्मोस्टॅट (तापमान बघून चालू-बंद करणारा स्विच) त्याला बंद करतो. भिंतीपासून नीट अंतर ठेवलेला, रबर शाबूत असलेला फ्रिज साध्या हवेत तासातली अठरा-वीस मिनिटं चालतो. 80 वॉट, दिवसाचे साडेसात तास, म्हणजे 0.6 युनिट; महिन्याचे 18. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत तोच निम्मा वेळ चालेल आणि 29 युनिटपर्यंत जाईल. त्याच्या पुढे गेला तर फ्रिज आजारी आहे असं समजा.

तुमचे 57.6 युनिट खोटे नाहीत, ते बिघडलेल्या फ्रिजचे आहेत. कंप्रेसर चोवीस तास थांबत नाही याची कारणं ठरलेली असतात. थर्मोस्टॅटची बारीक नळी बाष्पकाच्या, म्हणजे गार होणाऱ्या भागाच्या, पत्र्यावरून सुटलेली असते. मग मागच्या बाटलीत बर्फ होतो तरी कंप्रेसर थांबत नाही. गॅस गळलेला असतो. मग बर्फ एकाच कोपऱ्यात धरतो आणि बाकी कप्पा कोमट राहतो. दाराचं रबर ढिलं पडतं: कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा, सहज निघून आली की तिथून गरम हवा आत शिरते आहे. बर्फाचा थर बोटाच्या पेराएवढा झाला तर वितळवा. आणि आजकालच्या बऱ्याच छोट्या फ्रिजमध्ये मागे जाळी नसते, गरम नळी बाजूच्या पत्र्याच्या आत असते. बाजू गरम लागते ती म्हणूनच. असा फ्रिज फर्निचरच्या कप्प्यात घट्ट बसवला की तो स्वतःच्याच उष्णतेत शिजतो, आणि मग लोक कंपनीच्या नावाने बोटं मोडतात.

तुमचा फ्रिज कुठला ते तुम्ही लिहिलंच नाहीत. ऑनलाइन मिळणारा, कारमध्येही लागणारा, आवाज न करणारा पाच-दहा लिटरचा डबा असेल तर त्यात कंप्रेसरच नसतो, थर्मोइलेक्ट्रिक चकती असते (वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम). तो जवळजवळ अखंड चालतो. 60 वॉटचा असेल तर महिन्याला 43 युनिट, तेही पाणी जेमतेम गार करायला. तिथे तुमचा गुणाकार बरोबर. माझा लेख त्यावर नव्हता, आणि ‘कंप्रेसर’ हा शब्द त्यात पहिल्याच परिच्छेदात आहे. वाचायचे कष्ट घ्यायचे असतात.

कोणी म्हणेल, क्लॅम्प मीटरवर 0.6 अँपिअर दिसला, गुणिले 230 म्हणजे 138 वॉट. ते वॉट नव्हेत, व्होल्ट-अँपिअर आहेत. छोट्या कंप्रेसरचा पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरमधला खऱ्या वॉटचा वाटा) 0.6 च्या आसपास असतो, म्हणून खरे वॉट 80-85. घरगुती बिल युनिटवर येतं, अँपिअरवर नाही. सुरू होतानाचा करंट पाच-सहापट असतो खरा, पण तो सेकंदभरही टिकत नाही.

आता पैसे, कारण तिथे तुम्ही साडेसातशे रुपये लिहून लोकांना घाबरवलंत. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटपर्यंत एक दर आणि 101 ते 300 ला दुसरा, चढा. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि 16 टक्के वीज शुल्क धरून हिशोबापुरते 7 आणि 13 रुपये धरा (तुमचे खरे दर बिलावर आहेत). आधीच 200 युनिट जळत असतील तर फ्रिजचे 18 युनिट 13 च्या दराने, म्हणजे 234 रुपये. घर 60 युनिटवर असेल तर 126. घर 90 वर असेल तर दहा युनिट खालच्या दराने आणि आठ वरच्या, म्हणजे 174. एकच फ्रिज, तीन घरांत तीन खर्च. सरासरी दराने गुणणारे इथेच चुकतात. स्थिर आकार फ्रिजमुळे बदलत नाही, तो यात धरू नका.

मोठा फ्रिज परवडतो की नाही हा वेगळा लेख आहे. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला तो सल्ला देऊन बघा.

तरी शंका असेल तर स्वतः मोजा. घरातलं बाकी सगळं बंद करा, फक्त फ्रिज चालू ठेवा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी युनिटमागे किती पल्स ते छापलेलं असतं, समजा 3200. कंप्रेसर चालू असताना साधारण 14 सेकंदांनी एक लुकलुक दिसली तर 80 वॉट. कंप्रेसर थांबला की दिवाही जवळपास थांबेल. किती मिनिटं चालतो, किती थांबतो, हे दुपारी एकदा आणि रात्री एकदा लिहून काढा. दार उघडत बसू नका, वीज जाऊन आली असेल तर दोन तास थांबा. मग मिनिटं, फ्रिजचं मॉडेल आणि पाटीवरचे अँपिअर इथे टाका. त्यावर मी बोलेन, पाकिटावर नाही.